काळवंडलेल्या पितळी मुठी आणि बिजागऱ्या : व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर एक मूठ गुलाबी झाली, दुसरी करडी पडली

प्रश्न

नमस्कार. आमचे घर बरेच जुने आहे आणि त्यातील दारे-खिडक्यांचे मूळचे पितळी सामान अजून शाबूत आहे. बारा गोल मुठी, त्यांच्यामागच्या लांबट पट्ट्या, वीस-बावीस बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या आणि मुख्य दारावरची ठोठावण्याची एक जड कडी एवढा सगळा पसारा आहे. यांपैकी कशालाही कित्येक वर्षांत कोणाचा हात लागलेला नाही. काही मुठी सर्व बाजूंनी सारख्याच तपकिरी-काळ्या झाल्या आहेत, काहींवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा पसरल्या आहेत व त्या रेषांमधला भाग अजून पिवळा चकचकीत आहे, खिडक्यांच्या कड्यांच्या सांध्यांत हिरवा कळंक साचला आहे आणि बिजागऱ्यांवर तर रंगाचे इतके थर चढले आहेत की, एकीचा टवका उडाला तेव्हा कुठे आत पितळ असल्याचे कळले.

सुरुवात म्हणून मी दोन मुठी काढल्या, स्क्रू हरवू नयेत म्हणून तेही त्यांच्यासोबत एका भांड्यात टाकले, वर व्हिनेगर ओतले, मूठभर मीठ घातले आणि भांडे रात्रभर तसेच ठेवले. सकाळी एका मुठीचा काळेपणा पूर्ण गेला होता, परंतु तिचा रंग पितळेसारखा न दिसता तांब्यासारखा गुलाबी दिसत होता. दुसऱ्या मुठीवरून झोपण्यापूर्वीच बारीक बुडबुडे निघताना दिसले होते. सकाळी तिच्या कडांचा पिवळेपणा उडून खालून करडा, खरबरीत धातू वर आला होता. दोन्ही मुठी दिसायला हुबेहूब सारख्या होत्या, म्हणूनच हा फरक मला उलगडत नाही.

गुलाबी झालेली मूठ पुन्हा पिवळी करता येईल का, करडी पडलेली मूठ वाया गेली असे समजावे का, आणि उरलेल्या सामानाला हात लावण्यापूर्वी मी नेमके काय पाहून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घाई अजिबात नाही. काम सावकाश पण नीट व्हावे, एवढीच इच्छा आहे.

उत्तर १

जुन्या फर्निचरची दुरुस्ती हेच माझे रोजचे काम असल्यामुळे असे सामान सतत हाताखालून जाते. आपल्या दोन मुठी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा धातू वेगळा आहे, हे त्या व्हिनेगरने आपल्याला दाखवून दिले आहे. पितळी दिसणारे सामान ढोबळमानाने तीन तऱ्हेचे असते : आरपार ओतीव पितळ, लोखंडावर किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर पितळेचा पातळ मुलामा, आणि यांपैकी कशावरही पारदर्शक लॅकरचा थर. या तिन्हींची निगा वेगवेगळी राखावी लागते, म्हणून स्वच्छतेचे कोणतेही साहित्य हाती घेण्यापूर्वी समोरची वस्तू कोणत्या जातीची आहे हे ठरवण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली तरी ती घालवावी असे माझे ठाम मत आहे.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. चुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर केवळ मुलामा आहे. मात्र चुंबक चिकटला नाही म्हणजे भरीव पितळच आहे असे समजून बहुतेक जण फसतात, कारण ओतीव जस्तालाही चुंबक चिकटत नाही. आपली करडी पडलेली मूठ बहुधा अशीच जस्ताची असणार. आम्लात जस्त विरघळू लागले की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि आपण नेमके तेच पाहिले. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार सोन्याच्या मुलाम्यावरून आलेला आहे. येथे मात्र पितळच मुलाम्याचे काम करते आणि ते निघून गेले की जस्त उघडे पडते.

शंका राहिल्यास वजनाची परीक्षा घ्यावी, ती घरच्या घरी होते. वस्तू प्रथम काट्यावर कोरडी तोलावी. नंतर पाण्याने भरलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि वस्तू दोऱ्याने अशी सोडावी की ती पूर्ण बुडेल, परंतु तळाला किंवा कडेला टेकणार नाही. आता काट्यावर जो आकडा दिसेल तो वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचा आहे. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागल्यास पितळेसाठी उत्तर साधारण ८.४ ते ८.७ येते आणि ओतीव जस्ताच्या मिश्रधातूसाठी ६.७ च्या आसपास येते. पोकळ मुठीत हवा अडकली तर उत्तर खोटे लागते, म्हणून बुडवल्यावर मूठ हलवून आतली हवा बाहेर काढावी.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा ही लॅकर फाटल्याची खूण आहे. लॅकरला तडा गेला की हवा आणि ओल त्या तड्यातून आत शिरते व धातू फक्त त्या रेषेवर काळवंडतो, बाकीचा भाग मात्र झाकलेला असल्यामुळे पिवळाच राहतो. खात्री करण्यासाठी लिंबाच्या रसाचा एक थेंब न दिसणाऱ्या जागी ठेवून दोन मिनिटांनी पुसावा. उघड्या पितळेवर तेवढाच ठिपका उजळलेला दिसेल, आणि लॅकर असेल तर काहीही फरक पडणार नाही. लॅकर असताना वर कितीही पॉलिश घासले तरी ते धातूपर्यंत पोहोचतच नाही. माणसे तासन्‌तास घासत बसतात आणि शेवटी वैतागून खरखरीत पॉलिश पेपर घेतात, त्यात वस्तूचे कायमचे नुकसान होते.

भरीव पितळेवरचे जुने लॅकर काढण्यासाठी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात वस्तू वीस-पंचवीस मिनिटे मंद उकळावी. बऱ्याचदा लॅकर फुगून उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे सुटते आणि बोटांनी ओढून काढता येते. जे उरेल ते ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि विस्तवापासून दूर करावे, कारण ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

करड्या मुठीबद्दल सांगायचे तर तिचा मुलामा घरी परत येणार नाही. ती एखाद्या मुलामा देणाऱ्याकडे नेता येते, परंतु ओतीव जस्ताला आधी तांब्याचा थर द्यावा लागतो आणि खरबरीत झालेला पृष्ठभाग घासून सपाट करावा लागतो, त्यामुळे ती बदलणेच बहुधा सोपे ठरेल. मुलामा दिलेल्या उरलेल्या वस्तू कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके यांपलीकडे कशानेही पुसू नयेत.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. गुलाबी रंगाचा उलगडा राहिला होता, म्हणून लिहीत आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. दारांच्या सामानात तांब्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे ६० ते ७० टक्के असते. जस्त तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे, पितळ बराच वेळ आम्लात राहिले की पृष्ठभागावरचे जस्त आधी विरघळून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, पातळ थर उरतो. गुलाबी रंगाचे हे एक कारण झाले. दुसरे कारण आपण भांड्यात टाकलेल्या स्क्रूंमध्ये आहे. त्यांतला एखादा जरी लोखंडी असेल तरी द्रावणात आधीच विरघळलेले तांबे आणि ते लोखंड यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते व तांबे पुन्हा धातुरूपात येऊन लोखंडावर आणि त्याला टेकलेल्या पितळेवर चढते. दागिने घडवणारे कारागीर आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा कधीही घालत नाहीत, तो याच कारणामुळे. स्क्रू, स्प्रिंग, चौकोनी लोखंडी दांडी असे सगळे वेगळे काढल्याशिवाय मूठ आम्लात बुडवू नये.

सुदैवाने हा गुलाबी थर अतिशय पातळ असतो. बारीक पॉलिशने तो घासला जातो आणि खालचे पितळ वर येते. आपल्या मुठीची कोणतीही कायमची हानी झालेली नाही असे मला वाटते, फक्त हाताला थोडे काम वाढले आहे.

पुढच्या वेळी व्हिनेगरऐवजी सायट्रिक आम्ल, म्हणजेच लिंबूसत्त्व, घ्यावे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम एवढे पुरे आहे. वस्तू त्यात पाच मिनिटे ठेवावी, बाहेर काढून मऊ ब्रशने घासावी, पाहावी, आणि गरज असेल तरच पुन्हा पाच मिनिटे बुडवावी. रात्रभर काहीही ठेवू नये. नंतर भरपूर पाण्याने धुऊन, चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढून, पुन्हा धुऊन लगेच कोरडी करावी. कोरडी करताना फटींमधले पाणी विसरले जाते. तेथे केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा उपयोगी पडते.

मिठाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. मिठामुळे आम्लाचे काम झपाट्याने होते हे खरे आहे, परंतु क्लोराइड धातूच्या सूक्ष्म छिद्रांत राहून गेले तर काही आठवड्यांनी तेथून हिरवे ठिपके पुन्हा वर येतात. आपल्या कड्यांच्या सांध्यांत आधीच हिरवा कळंक आहे, त्यामुळे तेथे मीठ मुळीच वापरू नये. तो कळंक प्रथम बांबूच्या टोकदार काडीने कोरडाच खरवडावा आणि मग सायट्रिक आम्ल कापसाच्या बोळ्याने फक्त तेवढ्याच जागी लावावे.

अमोनियाचा विषय कोणीतरी काढेलच, म्हणून आताच लिहितो. अमोनिया तांब्याची ऑक्साइडे झटकन विरघळवतो आणि काही पॉलिशांत तो असतोही. फडक्याने लावून लगेच पुसून टाकण्यात फारसा धोका नाही, परंतु पितळ अमोनियात बुडवून ठेवणे किंवा त्याच्या वाफेत ठेवणे घातक आहे. ब्रिटिशांच्या काळी हिंदुस्थानातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप चिरत असत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पुंगळी पत्रा दाबून घडवताना धातूत राहून गेलेला ताण या दोहोंचा तो एकत्र परिणाम होता, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये स्पष्ट केले. आपल्या मुठींमागच्या पट्ट्या आणि पोकळ मुठी याच तऱ्हेने पत्रा दाबून केलेल्या असतील, तर त्यांच्यातही तसाच ताण असू शकतो. आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे : कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच आम्लात किंवा अमोनियात कधीही मिसळू नये. दोन्ही वेळा विषारी वायू निर्माण होतो.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आज सर्व मुठी काढून वजनाची परीक्षा घेतली. गुलाबी झालेली मूठ २३५ ग्रॅम भरली आणि पाण्यात २८ चा आकडा आला, म्हणजे उत्तर ८.४ च्या जवळ आले. करडी पडलेली मूठ १५४ ग्रॅम भरली आणि पाण्यात २३ आला, म्हणजे ६.७. बारांपैकी नऊ मुठी भरीव पितळेच्या निघाल्या आणि तीन जस्ताच्या. त्या तिन्ही मागच्या बाजूच्या खोल्यांतील आहेत, त्यावरून त्या पुढे कधीतरी बदललेल्या असाव्यात असे दिसते. हातात घेऊन पाहिल्यावर तो फरक आता मला डोळे मिटूनही कळतो. पितळेची मूठ तळहाताला थंड लागते आणि ओझ्याने मनगट किंचित खाली जाते.

लिंबाच्या थेंबाने सहा मुठींवर लॅकर असल्याचे सिद्ध झाले. गुलाबी मूठ मऊ फडक्यावर पॉलिश घेऊन घासली, तेव्हा फडके आधी काळे आणि मग राखाडी होत गेले व दहा-बारा मिनिटांत पिवळा रंग वर आला. तो आला तेव्हा किती बरे वाटले हे सांगणे कठीण आहे.

आता दोन अडचणी उरल्या आहेत. बिजागऱ्यांवरचा रंग कसा काढावा? आणि बिजागऱ्यांचे काही पितळी स्क्रू रंगाने असे बसले आहेत की पेचकस फिरवताच खाच झिजते. एकाचे तर डोकेच तुटले.

उत्तर १ लिहिणाऱ्यांचे प्रत्युत्तर

स्क्रू फिरवण्याची घाई करू नये, पितळी स्क्रू फार मऊ असतो. प्रथम जुन्या धारदार पात्याच्या टोकाने खाचेतला रंग पूर्ण कोरून काढावा आणि डोक्याभोवतीची रंगाची कडा कापून घ्यावी. पेचकसाचे पाते खाचेच्या लांबी-रुंदीला तंतोतंत बसले पाहिजे, सैल पात्याने खाच हमखास झिजते. पाते बसवून त्याच्या दांड्यावर हातोडीने एक हलका ठोका द्यावा, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने फिरवावे आणि मग सोडवावे. तरीही न हलल्यास तापवलेल्या सोल्डरिंगच्या लोखंडाचे टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवावे. उष्णतेने रंग मऊ होतो आणि स्क्रूची लाकडावरची पकडही सुटते.

पुन्हा बसवताना त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी भोकात पूर्ण पिळून बाहेर काढावा, म्हणजे लाकडात आटे तयार होतात. नंतर पितळी स्क्रूला मेण चोळून तो हातानेच बसवावा. बहुतेक पितळी स्क्रूंची डोकी तुटतात ती बसवताना, कारण कोरड्या लाकडात ते थेट पिळले जातात. या कामासाठी साबण वापरू नये, तो ओल धरतो.

बिजागऱ्यांच्या रंगाबाबत मला आपल्याला सावध करायचे आहे. जुन्या घरातील खालच्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. अमेरिकेतसुद्धा घरांसाठी शिसेयुक्त रंगावर बंदी आली ती १९७८ मध्ये. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळू तर अजिबात नये, कारण त्याची धूळ आणि धूर दोन्ही शरीरात जातात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो. एका जुन्या स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात मूठभर धुण्याचा सोडा घालावा, बिजागऱ्या त्यात बुडवून पाणी उकळीच्या जरा खाली दोन-तीन तास ठेवावे. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, सोडा त्याला खातो. रंग ओला असतानाच नायलॉनच्या ब्रशने आणि लाकडी पट्टीने ओढला की तो सगळ्या थरांसकट एका कातड्यासारखा निघून येतो. हातमोजे घालावेत, निघालेला रंग ओलाच पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्यावा आणि ते भांडे कायमचे याच कामासाठी ठेवावे.

प्रत्येक बिजागरीची दोन पाने आणि तिची खीळ यांची जोडी मोडू देऊ नये. वर्षानुवर्षे एकमेकांवर झिजून ती एकमेकांना बसलेली असतात आणि अदलाबदल झाली तर दार करकरते. मी प्रत्येक जोडी दोऱ्याने बांधून तिला दाराचा क्रमांक आणि वरची, मधली की खालची याची चिठ्ठी लावतो. ही चिठ्ठी उकळत्या पाण्यात टिकत नाही, म्हणून एका वेळी एकाच दाराच्या बिजागऱ्या भांड्यात टाकाव्यात.

उत्तर ३

एक वेगळे मत मांडतो. सगळे सामान नव्यासारखे चकाकलेच पाहिजे असे आहे का? अनेक वर्षांच्या हाताळणीने मुठीवर जो गडद तपकिरी रंग येतो आणि जेथे हात लागतो तेथे जी मऊ पिवळी लकाकी उरते, ती कोणत्याही पॉलिशने नव्याने आणता येत नाही, आणि एकदा काढली की पुन्हा यायला तितकीच वर्षे लागतात. प्रत्येक वेळी घासताना थोडा धातूही जातो. नक्षीदार मुठींवरची फुले आणि वेलबुट्ट्या पॉलिशने बोथट झालेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्या दारावरची ठोठावण्याची कडी जर नक्षीची असेल, तर तिच्या फक्त उंचवट्यांवर फडके फिरवावे आणि खोलगट भागातला काळेपणा तसाच राहू द्यावा. त्याच काळेपणामुळे नक्षी उठून दिसते. शिवाय जुन्या वस्तूंवर कधी कधी सोन्याचा मुलामा असतो आणि काळवंडल्यावर तो पितळेसारखाच दिसतो. तशी शंका असेल तर तिला पॉलिश लावू नये, जाणत्या माणसाला दाखवावी.

हिरव्या कळंकाबाबत मात्र माझे असे म्हणणे नाही. तो धातू खात राहतो, म्हणून तो काढलाच पाहिजे.

उत्तर ४

घासण्याच्या साहित्याबद्दल आणि नंतरच्या संरक्षणाबद्दल थोडे लिहितो, कारण खरे कष्ट तेथेच वाया जातात.

पॉलिश नेहमी सर्वांत सौम्य प्रकारापासून सुरू करावे. काळेपणा नुसत्या पॉलिशने निघत असेल तर पॉलिश पेपरला हात लावू नये. खोल चरे असतील तरच ६०० नंबरचा पाण्यात वापरण्याचा पेपर घ्यावा व त्यानंतर १०००, १५०० आणि २००० असे क्रमाने जावे. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या पेपरचे चरे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये, नाहीतर पॉलिश झाल्यावर उन्हात तेच चरे पुन्हा चमकून वर येतात. लोखंडी काथ्याचे सूक्ष्म तुकडे पितळेत रुततात आणि पुढे त्यांचा गंज धरतो, म्हणून तो टाळलेला बरा. ब्रासोसारखे पॉलिश नक्षीत वाळले की पांढरी भुकटी राहते. ती स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने त्याच दिवशी काढावी, नंतर ती दगडासारखी घट्ट होते. घासण्यासाठी फिरते चाक वापरायचे असेल तर हातात मोजे नसावेत, डोळ्यांवर चष्मा असावा आणि वस्तू चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावर धरावी, म्हणजे निसटली तरी ती अंगावर येत नाही.

काम दारावरच करायचे असेल तर भोवतीचे लाकूड चिकटपट्टीने झाकावे, कारण पॉलिशचे काळे पाणी लाकडाच्या रेषांत मुरले की निघत नाही. पण मुळात सामान उतरवूनच काम करावे. कुलूप असेल तर त्याची यंत्रणा कशातही बुडवू नये आणि किल्लीच्या भोकात तेलाऐवजी ग्राफाइटची पूड घालावी, कारण तेल धूळ धरून ठेवते.

आता संरक्षण. उघडे पितळ हाताच्या घामाने काही आठवड्यांतच मंद पडू लागते. रोज हात लागणाऱ्या मुठींना मी मेण पसंत करतो. वस्तू हाताला सोसेल इतपत गरम करावी, कार्नोबा किंवा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ थर लावावा आणि थंड झाल्यावर फडक्याने चोळावा. दर दोन-तीन महिन्यांनी पाच मिनिटांचे हे काम पुन्हा करावे लागते, परंतु मेणाचा थर बिघडला तरी जाळ्यासारखे डाग पडत नाहीत. लॅकरची गोष्ट वेगळी आहे. ते नीट बसले तर वर्षानुवर्षे टिकते, पण एका बोटाचा ठसा जरी खाली राहिला तरी तो काही महिन्यांत लॅकरच्या आत तपकिरी होऊन कायमचा छापला जातो. त्यामुळे पॉलिशनंतर वस्तू ॲसिटोनने पुसावी, त्यानंतर तिला उघडा हात लावू नये, आणि दमट दिवशी लॅकर मारू नये, ते पांढुरके पडते. बाहेरच्या सामानासाठी इन्क्रालॅक नावाचे ॲक्रिलिक लॅकर मिळते. त्यात बेंझोट्रायझोल असते, आणि तांब्याच्या मिश्रधातूंचे क्षरण रोखण्यासाठी संग्रहालयांतही हेच रसायन १९६७ पासून वापरात आहे.

लॅकर न लावण्याच्या बाजूनेही एक सबळ कारण आहे. उघड्या तांब्यावर आणि पितळेवर अनेक जिवाणू काही तासांत मरतात; अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची तशी नोंदणीही केली, आणि त्यासाठी पृष्ठभागावर रंग, लॅकर किंवा मेण नसावे अशी अट घातली. घरात लहान मुले किंवा आजारी माणसे असतील तर न्हाणीघराच्या दाराची मूठ उघडीच ठेवून आठवड्यातून एकदा धुऊन पुसावी, असे मी सुचवीन.

एक सूचना राहिली. हल्लीच्या काही मुठींवर पितळी रंगाचा अतिकठीण थर निर्वात पेटीत चढवलेला असतो. तो काळवंडत नाही, लिंबाच्या थेंबाला दाद देत नाही आणि ॲसिटोननेही मऊ पडत नाही. त्यावर कोणतेही पॉलिश फिरवू नये, साबणाचे पाणी पुरते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सहा मुठींचे लॅकर सोड्याच्या पाण्यात सुटले. चारांचे पहिल्या उकळीतच, दोघींना ॲसिटोन लागले. दोन दारांच्या सहा बिजागऱ्या रंगातून मोकळ्या झाल्या आणि त्यांच्या पानांवर आतल्या बाजूने खोदलेल्या उभ्या रेघा सापडल्या : एक, दोन, तीन. ज्याने त्या प्रथम बसवल्या त्याने जोड्या चुकू नयेत म्हणून त्या मारल्या असाव्यात. मी माझ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि त्याच खुणांनी बिजागऱ्या परत बसवल्या. दार आता एका बोटाने, आवाज न करता फिरते.

ठोठावण्याची कडी नक्षीचीच आहे. तिच्या पाकळ्यांची फक्त टोके उजळवली, खालचा काळेपणा राहू दिला आणि वर मेण चोळले. तुटलेल्या डोक्याचा स्क्रू अजून चौकटीतच आहे. त्याच्याभोवती बारीक छिद्रे पाडून तो काढावा की शेजारी नवे भोक घ्यावे, हे मात्र कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर १ लिहिणाऱ्यांचे प्रत्युत्तर

शेजारी भोक घेऊ नये, तसे केल्यास बिजागरीची जागा सरकेल. स्क्रूच्या देठापेक्षा किंचित मोठ्या व्यासाची पातळ पोलादी नळी घ्यावी, तिच्या तोंडाला कानशीने दाते पाडावेत आणि ती देठावर बसवून उलट्या दिशेने सावकाश फिरवत आत न्यावी. नळी देठाभोवतीचे लाकूड कापत जाते आणि स्क्रू लाकडाच्या छोट्या दंडगोलासकट बाहेर येतो. त्या भोकात त्याच जातीच्या लाकडाची खुंटी सरस लावून ठोकावी, सरस पूर्ण वाळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मधोमध नवे भोक पाडावे.